पहिले तीन लाख आपले

संघदीप नागपूरहून निघाला, असा प्राचीचा फोन आला तेव्हा पार्वताबाई परसात मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं, भोजराजांनी, सकाळीच तलावावर जाऊन ते आणले होते, आणि पोरगा-सून येणार म्हणून जरा सैल हातानेच आणले होते. थंडीचं ऊन नुकतं परसात उतरलं होतं. पार्वताबाई उन्हाकडे पाठ करून, मान एका बाजूला कलती ठेवून, बोटांनी चाचपत खवले काढत होत्या.

समोर सुलोचनाबाई लसूण सोलत होत्या. या भोजराजांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायच्या, आणि भावजयीशी त्यांचं भावापेक्षा जास्त जमायचं.

"पार्वता, त्या तुकड्याले खवले तसेच राह्यले वं," त्या म्हणाल्या.

"राहू द्या बाई. धुतानी निघतीन."

"आज पोरगा येऊन राहिला. सांगून टाक त्याले."

 पार्वताबाईंनी तो तुकडा पुन्हा हातात घेतला आणि डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन पाहिला.

उजव्या डोळ्यासमोर पावसाळ्यापासूनच दूध सांडल्यासारखं होत होतं. गावात मोफत तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा त्या सुलोचनाबाईंना सोबत घेऊन, घरी काही न सांगता तिथे जाऊन आल्या होत्या. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि समजावून सांगितलं की मोतीबिंदू तर आहेच, पण साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही त्रास दिलेला दिसतो. आधी साखर खाली आणा, मोठ्या ठिकाणी पडदा तपासून घ्या, लागली तर इंजेक्शनं घ्या, मग मोतीबिंदू काढता येईल. पार्वताबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन गप्प बसल्या. मोठं ठिकाण म्हणजे गोंदिया. गोंदिया म्हणजे दर खेपेला फी, थेंब, गोळ्या आणि परत बोलावणं. हे सगळं संघदीपच्या खिशातून जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण मागच्या हिवाळ्यात तसंच झालं होतं. भोजराजांना छातीत कफ भरून दम लागला, लेक अल्का रातोरात त्यांना गोंदियाच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेली. संघदीप दुसऱ्या दिवशी पोचला आणि आल्या आल्या काउंटरवर गेला. बिल किती झालं, हे त्यानं कोणाला सांगितलंच नाही. पण त्या वर्षी त्यांच्या नागपूरच्या घराला रंग लागला नाही, हे पार्वताबाईंनी दिवाळीला गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

भोजराज इटियाडोह धरणाच्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. नोकरीत होते तोवर दवाखान्याची बिलं खात्याकडून मिळायची. निवृत्त झाले, पेन्शन सुरू झालं आणि ती सोय संपली. पार्वताबाई अंगणवाडी सेविका. गावातल्या निम्म्या तरण्या पोरांना त्यांनीच पहिला घास भरवला होता आणि पहिलं गाणं शिकवलं होतं. उन्हाळ्यात त्याही निवृत्त झाल्या आणि एकरकमी लाखभर रुपये त्यांच्या खात्यात आले. त्या पैशाचं काय करावं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. भोजराजांना घरापुढच्या छपरीवर पत्र्याच्या टिना टाकायच्या होत्या, सुलोचनाबाईंचं म्हणणं सोनं घेऊन ठेव, अल्का म्हणायची आधी फ्रीज घे. पार्वताबाईंनी मात्र त्याला हात लावला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या एकटीच्या नावावर एवढे पैसे होते, आणि ते नुसते असण्यातच त्यांना बरं वाटत होतं.

अल्का आदल्या संध्याकाळीच आली होती. गोंदियात ती शाळेत शिकवायची. तिचा नवरा देवेंद्र ड्युटीमुळे येऊ शकला नव्हता. दुपार व्हायच्या आत संघदीपची गाडीही दारात लागली. जयभीम झालं, पाया पडणं झालं, प्राचीनं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ चुलीपाशी गेली. नवीन तांदळाचा भात आणि माशाचा रस्सा असा बेत जमला की त्या घरात जेवताना कोणी बोलत नसे. त्या दिवशीही कोणी बोललं नाही. भोजराजांनी तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा घेताना बायकोकडे बघून थोडा कमी घेतला.

बोलणं सुरू झालं ते छपरीत, पानं लावताना. संघदीपनं मोबाईल काढून बापाच्या हातात दिला आणि म्हणाला, सगळं ठरवून आलोय, तुम्ही दोघांनी फक्त सही करायची. दोघांच्या नावानं आरोग्य विम्याची पॉलिसी होती. कोणत्याही चांगल्या दवाखान्यात जा, भरती व्हा, पहिल्या रुपयापासून कंपनी भरेल. हप्ता तो स्वतः भरणार होता.

भोजराजांचा चेहरा उजळला. पहिल्या रुपयापासून, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. त्यांच्या त्या आनंदामागे काय होतं ते पार्वताबाईंना माहीत होतं. भोजराज लहान होते तेव्हा त्यांची आई फुलवंता तापानं फणफणली होती. बाप जंगलू बैलगाडी मागायला एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिला आणि गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. त्या दिवसापासून कोणापुढे हात पसरायला लागू नये, एवढी एकच गोष्ट भोजराजांनी आयुष्याला मागितली होती. कंपनी भरणार म्हणजे मागणं नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"हप्ता किती?" अल्कानं विचारलं.

संघदीपनं सांगितलं. वर्षाला लाखाच्या जवळ जात होता.

"आणि पुढच्या वर्षी?"

"वाढेल थोडाफार. वय वाढतं तसा वाढतो. तुला काय त्याचं, भरणारा मी आहे ना?"

अल्कानं आवाज चढवला नाही, पण ती तयारीनं आली होती. तिच्या मते दुसरा एक मार्ग होता. तिच्या शाळेतल्या एका निवृत्त सरांनी तोच धरला होता आणि ती त्यांच्याकडून नीट समजून घेऊन आली होती. वर्षभरात दोघांच्या भरतीचा खर्च तीन लाखांपर्यंत गेला तर तो आपण करायचा. त्याला ते लोक डिडक्टिबल म्हणतात. खर्च तीन लाखांच्या वर गेला की तिथून कंपनी भरायला लागते, थेट वीस लाखांपर्यंत. पहिला भार आपण उचलतो म्हणून त्याचा हप्ता संघदीपच्या पॉलिसीच्या चौथ्या हिश्श्यातच येतो. वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकत जायचे. ते खातं फक्त दवाखान्यासाठी. आजारपण आलं तर त्यातून काढायचं, नाही आलं तर पैसे आपल्याकडेच राहतात.

"म्हणजे पहिले तीन लाख आपले," भोजराज म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड जरा कमी झाला होता. "मंग विमा कायले घ्याचा? आपल्याजवळ मोफत इलाजाचं सरकारी कार्ड हाये."

कार्ड असू द्या, ते टाकून द्यायचं नाहीच, असं अल्का म्हणाली. पण मागच्या हिवाळ्यात आपण ज्या दवाखान्यात धावत गेलो तिथे ते चाललं नव्हतं, आणि दम लागलेला माणूस घेऊन कोणी कार्ड चालणाऱ्या दवाखान्यांची यादी वाचत बसत नाही.

यावर संघदीपनं जो मुद्दा काढला तो खरा होता. समजा खातं भरायच्या आधी, पहिल्याच वर्षी दोघांपैकी कोणी पडलं, तर तीन लाख एकदम कुठून आणायचे? आणि समजा दर वर्षी लाख-दोन लाखांचीच आजारपणं आली, तर कंपनी कधीच एक रुपया देणार नाही, सगळं घरचंच जाईल.  अल्कानं कबूल केलं की हे होऊ शकतं, त्याला इलाज नाही.

मग गोष्ट साखरेवर आली. अर्जात बायकोची साखर लिहायलाच पाहिजे का, असं भोजराजांनी हळूच विचारलं.

"कायले लिवाचं? गोळी घेते, बरी हाये."

या एका बाबतीत मात्र भाऊ-बहीण एका क्षणात एक झाले. लपवलं तर ऐन वेळी कंपनी हात वर करते, मग भरलेले सगळे हप्ते पाण्यात. लिहायचं म्हणजे लिहायचं, पॉलिसी कोणतीही असो. भोजराजांनी पान तोंडात टाकलं आणि तो विषय सोडून दिला.

एवढा वेळ पार्वताबाई खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं, पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. या घरात पैशाची गोष्ट निघाली की बायका सुपारी कातरतात, असंच त्या सासरी आल्यापासून बघत आल्या होत्या. पण संघदीप त्याच्या पॉलिसीचे फायदे पुन्हा सांगायला लागला तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"संघदीप, तुह्या पॉलिसीत डोळ्याच्या डाक्टरची फी भेटते का?"

"डोळ्याच्या? भरती झालं तर भेटते आई. नुसतं दाखवायला गेलो, गोळ्या-औषधं आणली, तर नाही."

"अन् मोतीबिंदू?"

संघदीपनं मोबाईलवर बोट फिरवलं. मोतीबिंदूला सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागणार होतं, आणि साखरेमुळे काही झालं असेल तर तीन. अल्कानं लगेच सांगितलं की तिच्या पॉलिसीतही थांबावं लागतंच, ते सगळीकडे सारखं आहे. मग दोघांनीही एकदमच आईकडे पाहिलं.

"काऊन विचारून राहिलीस?" संघदीपची शहरी मराठी गळून पडली.

पार्वताबाई बोलायच्या आत सुलोचनाबाईंनी सांगून टाकलं. शिबिर, डॉक्टरीणबाई, पडदा, इंजेक्शन, सगळं. मासे कसे साफ केले तेही सांगितलं. आपण जेवलो ते मासे हिनं बोटांनी बघून साफ केले होते, हे ऐकल्यावर अल्कानं हातातलं पान खाली ठेवलं. भोजराज बायकोच्या तोंडाकडे असे बघत राहिले, जणू तिथे इतक्या वर्षांत काहीतरी पाहायचं राहून गेलं होतं.

"आई, मला काऊन नाही सांगितलं?" संघदीप म्हणाला.

"सांगितलं असतं तं तू पैसे पाठवले असते."

"मग?"

"म्हणून तं नाही सांगितलं."

संघदीप उठला. चपला पायात घातल्या आणि परसाच्या दारानं शेताकडे निघून गेला. अल्का त्याच्या मागे जाणार होती, पण प्राचीनं तिला हातानं थांबवलं.

प्राची या घरात सहसा नवऱ्याच्या विरुद्ध बोलत नसे. तिचं माहेर उमरेडचं, स्वभाव शांत, आणि सासूसमोर ती अजूनही जरा जपूनच बसायची. तो गेल्यावर तिनं सासऱ्यांकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, आपल्या माहेरची गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांची अशीच मोठी पॉलिसी होती आणि हप्ता तिचा भाऊ भरायचा. पाच-सहा वर्षं भरला. वडील सत्तरीला पोचले तेव्हा हप्ता दुप्पट झाला होता, आणि त्याच साली भावाची नोकरी गेली. एक वर्ष हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली. त्या वयात नवीन पॉलिसी द्यायला कोणी तयार होईना. भरलेल्या पैशांतून एक रुपया हाती राहिला नव्हता.

"बाबांना पैसे गेल्याचं दुःख नव्हतं तेवढं भावाचं होतं," ती म्हणाली. "आणि भाऊ अजून त्यांच्या डोळ्यात बघत नाही. हे यांना मी बोलले नाही कधी. यांना वाटलं असतं, मला पैसे द्यायचे नाहीत म्हणून मी अडवते आहे."

पार्वताबाईंनी आपली कातरलेली सुपारी सुनेच्या हातावर ठेवली. 

भोजराज इतका वेळ विचारात होते. कालव्यावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना कोणतीही गोष्ट पाण्याच्या वाटेनंच समजायची. आता ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की आपल्या शेतात ही तळ्यासारखी बोडी का ठेवली? धरण असताना? धानाला एखादं पाणी कमी पडलं तर माणूस बोडीचं पाणी घेतो, त्यासाठी कोणाकडे अर्ज करत नाही. धरणाचं पाणी मागायचं ते मोठा ताण पडला तर. नुसत्या धरणाच्या भरवशावर राहणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी कालव्याच्या शेवटाला पाहिलं होतं, आणि नुसत्या बोडीवाल्यांचंही पाहिलं होतं.

"दोन्ही पाह्यजेत," ते म्हणाले. "अल्का म्हणते ते बरोबर हाये."

मग त्यांच्याच डोक्यात उजेड पडला की खातं पहिल्याच वर्षी उभं करता येईल. त्यांची एक मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटत होती, दीड लाखाची.

"त्यात माहे लाखभर टाका," पार्वताबाई म्हणाल्या.

"तुहे? ते तं तुले—"

"माहेच होय ना? मंग मी सांगतो तसं होऊ द्या."

त्यांनी दोन अटी घातल्या. खातं दोघांच्या नावानं राहील आणि दोघांपैकी कोणीही एकटं जाऊन पैसे काढू शकेल. दवाखान्याला जायचं तर कोणाला विचारायचं नाही, फक्त सांगून जायचं. ही पहिली. दुसरी अट त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितली. भावकीत लग्न निघो, कोणाचा ट्रॅक्टर अडो, त्या खात्याला हात लागणार नाही. भोजराज लाजून हसले. त्यांचा हात किती लवकर खिशात जातो हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सुलोचनाबाई म्हणाल्या, पोराकडे जा आता. तसंही पार्वताबाई उठतच होत्या.

संघदीप बोडीच्या पाळीवर बसला होता. धान निघून गेलेलं शेत मोकळं पडलं होतं आणि बोडीत बगळे उभे होते. पार्वताबाई पाळीवर चढताना जरा अडखळल्या तसा तो धावत खाली आला आणि त्यांचा हात धरला. दोघं शेजारी बसली. बराच वेळ त्यानं हात सोडला नाही.

तो म्हणाला की मागच्या हिवाळ्यात अल्का होती म्हणून बाबा वाचले, मी नव्हतोच. नागपूरला बसून मला दुसरं काय करता येतं? पैसे भरता येतात, तेवढंच येतं. आणि आता तेही तुम्हाला नको आहेत.

पार्वताबाईंना लहानपणचा संघदीप आठवला नाही. त्यांना समोरचा मोठा माणूसच दिसला, केसांत चंदेरी तार आलेला, थकलेला, आणि आईवडिलांसाठी काही करू न शकण्याची भीती पोटात घेऊन फिरणारा. त्यांना वाटलं, या पोराची समजूत काढायची नाही, याला काम द्यायचं.

"नको कोण म्हणते?" त्या म्हणाल्या. "तू थो मोठा हप्ता भरणार होतास ना? त्यातून अल्काच्या पॉलिसीचा लहान हप्ता भर, अन् उरलेला पैसा महिन्या-महिन्याले आमच्या खात्यात टाक. कंपनीले दिला असता तं वर्ष सरलं का गेला. इथं राहीन."

"आणि तुम्ही आजारीच नाही पडलात तर?"

"मंग का तुले राग येईन?"

तो हसला. खूप दिवसांनी त्याचं असं हसू त्यांनी पाहिलं, अर्थात डाव्या डोळ्यानं. मग त्यानं विचारलं की पैसे काढले की निदान मला कळेल का? पार्वताबाई म्हणाल्या, कळेल, मीच फोन करून सांगीन, पण मग तू डॉक्टरला फोन लावायचा नाही, मला लावायचा. त्यानं कबूल केलं.

परत येताना त्यानं आणखी एक गोष्ट मान्य केली. त्यानं केलेला हिशेब आईबाबांना काही होऊ नये या भीतीचा होता आणि अल्काचा त्यांनी रोज कसं जगावं याचा होता, असं तो म्हणाला. हे त्यानं अल्कासमोर कधीच म्हटलं नसतं, आणि पार्वताबाईंनीही ते तिला सांगितलं नाही. संध्याकाळी निघताना मात्र त्यानं बहिणीची पिशवी गाडीत ठेवली आणि म्हणाला, चल, तुला गोंदियाला सोडून मग नागपूर धरतो. तो वळसा मोठा होता. अल्का पुढच्या सीटवर बसली आणि प्राची मागे गेली.

अल्कानं सांगितलेल्या पॉलिसीचा अर्ज त्या आठवड्यातच गेला. साखर लिहिली, डोळा लिहिला, भोजराजांचा रक्तदाब लिहिला, मागच्या हिवाळ्याचं भरती होणंही लिहिलं. कंपनीनं तपासण्या करायला लावल्या, हप्ता थोडा चढवला, साखरेच्या दुखण्यांना थांबायची अट घातली आणि पॉलिसी दिली. नवेगावच्या बँकेत खातं उघडलं. पार्वताबाई सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होत्या, आणि मागे रांग असूनही भोजराज त्यांना घाई करत नव्हते.

त्या खात्याची पहिली परीक्षा दवाखान्यानं घेतलीच नाही. भोजराजांचा चुलत पुतण्या मनिराम पोरीच्या लग्नासाठी काही जमतं का विचारायला आला. भोजराजांनी त्याला चहा पाजला, लग्नाची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मग म्हणाले, पैसा आहे, पण तो आमच्या दोघांच्या औषधाचा आहे, आणि तुझी काकू आत आहे, तिला विचारून बघ. मनिराम आत गेला नाही. लग्नाला तांदळाचं एक पोतं पाठवायचं ठरलं आणि तो समाधानानं गेला. त्याच्या मागे भोजराज आत येऊन म्हणाले की नाही म्हणणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

पार्वताबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायला मात्र उन्हाळा उजाडला. गोंदियाच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि इंजेक्शनं सुरू केली. डोळ्यात सुई म्हटल्यावर पार्वताबाई पहिल्या खेपेला घाबरल्या. दुसऱ्या खेपेला शेजारी बसलेल्या तिरोड्याच्या एका बाईला त्याच धीर देत होत्या. भाताची वाटी अर्धी झाली, सकाळचं चालणं सुरू झालं, त्यात सुलोचनाबाईही ओढल्या गेल्या. प्रत्येक खेपेला पार्वताबाई बँकेतून पैसे काढत, संध्याकाळी संघदीपला फोन करून सांगत. तो ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, जेवलीस का? डॉक्टरला त्यानं एकदाही फोन लावला नाही.

मोतीबिंदू निघाला आणि त्या रात्री दोघं अल्काकडेच राहिले. सकाळी दवाखान्यात पट्टी काढली, थेंब टाकले, काळा चष्मा दिला आणि जायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर भोजराज वाट बघत बसले होते. खिडकीतून लख्ख ऊन फरशीवर पडलं होतं. पार्वताबाईंनी चष्मा जरा वर करून पाहिलं. फरशीचे सांधे दिसले. भोजराजांच्या सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं दिसलं, आणि ते आपणच शिवलं होतं हे आठवून त्यांना हसू आलं. मग त्यांची नजर खाली गेली. भोजराजांच्या चपलांचे पट्टे पायात रुतले होते. घोटे सुजून वर आले होते, दोन्ही.

"हे कवापासून हाये?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाय."

भोजराजांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. ते म्हणाले की काही नाही, उन्हाळ्यानं झालं असेल, तुझ्या डोळ्याच्या गडबडीत कायले सांगायचं म्हणून राहू दिलं. पार्वताबाई वाकल्या, अंगठ्यानं घोटा दाबला. खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"चला," त्या म्हणाल्या. "अल्काच्या घराजवळ थो रक्तदाबाचा डाक्टर बसते ना, त्याच्याकडे."

"आज? आज तुहा डोळा—"

"डोळ्यानं तं पाह्यलं."

 भोजराज उठले आणि बायकोच्या मागून जिना उतरू लागले. नेहमी ते पुढे असायचे, ती मागे. मधल्या वळणावर ते थांबले, खिशातून मोबाईल काढला आणि सवयीनं विचारलं, "संघदीपले फोन लावू का?"

"लावा ना," पार्वताबाई म्हणाल्या. कठडा न धरता त्या पुढची पायरी उतरल्या. "काही मागाचं नाही आता. नुसतं सांगाचं."